इंजिनात नट पडला तर?

मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर या गाड्या टॅक्सी म्हणून धावायच्या थांबल्या. त्याआधी कित्येक वर्षे गिरगाव, परळ, लालबाग भागांतील रस्त्यांच्या कडेला एक दृश्य नेहमी दिसे. पद्मिनीचे बॉनेट उघडलेले, मिस्त्री आत वाकलेला आणि शेजारी घड्याळाकडे पाहणारा टॅक्सीवाला. गाडी जितका वेळ उभी, तितकी दिवसाची कमाई कमी. अशा घाईच्या वेळी हातातून एखादा नट किंवा वायसर सुटतो आणि उघड्या भोकातून इंजिनात जातो. आता काय करायचे?

“एकदा सेल्फ मारून बघ, निघून जाईल धुराबरोबर,” असा सल्ला देणारा कोणीतरी जवळपास असतोच. हा सल्ला चुकीचा का आहे, हे समजून घेताना आठवी-नववीच्या विज्ञानातल्या बऱ्याच गोष्टी हाताशी येतात.

जागा किती असते?

पद्मिनीच्या इंजिनाला चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. यावरून एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २७२ घनसेंटिमीटर येते. चारांचे मिळून १०८९. मुलांना वर्तुळचितीच्या आकारमानाचे सूत्र शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

दट्ट्या सर्वात वर गेला की त्याच्या डोक्यावर थोडीशी जागा उरते. आत घेतलेले मिश्रण दाबून आठव्या हिश्शाइतके केले जाते असे धरले, तर ही उरलेली जागा सुमारे ३९ घनसेंटिमीटर होते, म्हणजे साधारण अर्ध्या कटिंग चहाइतकी. ती सिलिंडरच्या पूर्ण छेदावर सारखी पसरली तर तिची उंची ११ मिलिमीटरच्या आसपास भरेल. पण ती सारखी पसरलेली नसते. बरीचशी जागा झडपांखालच्या खोलगट भागात असते आणि कडेला दट्ट्या व हेड यांच्यात एक-दोन मिलिमीटरचीच फट राहते.

स्पार्क प्लगचे आटे सामान्यतः १४ मिलिमीटरचे असतात आणि आट्यांच्या आतला मोकळा व्यास साडेबारा मिलिमीटरच्या जवळपास असतो. सहा मिलिमीटरच्या बोल्टाचा नट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ११ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड असतो. तो या भोकातून सहज आत जातो. आठ मिलिमीटरच्या बोल्टाचा नट मात्र जाऊ शकत नाही. आत गेलेला नट खोलगट भागाखाली राहिला तर कदाचित वाचेल. कडेला गेला तर एक-दोन मिलिमीटरच्या फटीत पाच मिलिमीटरचा नट मावणार कसा?

अडकित्त्याचा न्याय

गाडी नुसती उभ्याने चालू असताना इंजिन मिनिटाला साधारण ७५० फेरे घेते. म्हणजे दट्ट्या सेकंदाला बारा-तेरा वेळा वर येतो. सेल्फने इंजिन मिनिटाला २०० फेरे फिरले, तरी सेकंदाला तीन वेळा येतोच. नट धुराबरोबर बाहेर पडायला बाहेर जाण्याची झडप नेमकी उघडी हवी, नट तिच्याजवळ हवा आणि झडपेच्या फटीतून तो मावायला हवा. हे तिन्ही एकदम जुळून येण्याआधी दट्ट्या त्याला कित्येकदा ठोकून मोकळा होतो.

ही ठोकर साधी नसते. दट्ट्या वरच्या टोकाजवळ येतो तेव्हा क्रँक बरीच फिरते, पण दट्ट्या थोडाच सरकतो. पद्मिनीच्या मापांवरून हिशोब केला तर शेवटचा एक मिलिमीटर चढायला क्रँकला सुमारे १२ अंश फिरावे लागते. तेवढ्याच १२ अंशांत धावेच्या मध्यावर दट्ट्या जवळजवळ आठ मिलिमीटर सरकतो. अंतर कमी झाले की बल वाढते, हा तरफेचा नियम इथेही लागू आहे. अडकित्त्याच्या सांध्याजवळ सुपारी धरली की ती थोड्या जोराने फुटते, तसेच हे. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि नट पोलादाचा. म्हणजे खड्डा दट्ट्याला पडतो. झडप वाकते, तिची कड नीट बसत नाही, दाब निसटतो आणि तप्त वायू ती कड जाळत राहतात. स्पार्क प्लगची चिनी मातीची टोपी फुटून तुकडा आत पडला तर तो धातूपेक्षाही कठीण असतो.

पावसाळ्यात हिंदमाता आणि परळच्या सखल भागात पाणी तुंबले की याच हिशोबाचा दुसरा प्रकार दिसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहरात असंख्य गाड्या पाण्यात अडकल्या. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ३९ घनसेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी शिरले की दट्ट्याला वर जायला वाट उरत नाही आणि त्याचा दांडा वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नये. नट असो वा पाणी, नियम एकच: आधी थांबा.

कुठे पडला, त्यावर उपाय

पहिले काम म्हणजे बॅटरीची तार काढणे, म्हणजे चुकून कोणी किल्ली फिरवणार नाही. दुसरे काम म्हणजे जमिनीवर, इंजिनाच्या खाचांत आणि स्वतःच्या खिशात शोधणे. पुष्कळदा हरवलेली वस्तू आत गेलेलीच नसते. पण “बहुतेक बाहेरच पडला असेल” एवढ्यावर समाधान मानू नये. वस्तू प्रत्यक्ष हाती लागली पाहिजे.

वस्तू प्लगच्या भोकातून गेली असेल तर ती दट्ट्यावर पडून असते. लवचीक दांड्याच्या टोकाला बसवलेला लोहचुंबक आत सोडून लोखंडी नट बाहेर काढता येतो. पितळेचा वायसर, ॲल्युमिनियमचा तुकडा, चिनी माती यांना चुंबक ओढत नाही. तिथे काडीच्या टोकाला दाट ग्रीस लावून तुकडा चिकटवून घेतात. हल्ली तारेच्या टोकावरचा छोटा कॅमेरा स्वस्तात मिळतो. त्यामुळे अंदाजाने चाचपडण्याची वेळ येत नाही. दाबाच्या हवेचा झोत मारायचा मोह टाळावा: तुकडा उघड्या झडपेतून पुढे सरकतो किंवा उडून डोळ्यात जातो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही पेट्रोलचा वास येत असताना लावू नये, कारण त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात. दट्ट्या वर आणायची गरज पडलीच तर सगळे प्लग काढून इंजिन हाताने, अगदी सावकाश फिरवावे आणि किंचित अडले तरी थांबावे. अडकित्ता हातानेही चालतो, हे विसरू नये.

कार्बोरेटरच्या तोंडातून पडलेली वस्तू बहुधा पुढच्या नळीत पडून राहते. इंजिन सुरू झाले नाही तोवर ती तिथेच असते. कार्बोरेटर उतरवला की हाती लागते. तेल भरण्याच्या भोकातून पडलेली वस्तू झडपांच्या यंत्रणेत अडकते किंवा खाली तेलाच्या चेंबरमध्ये जाते. तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते, त्यामुळे नट पंपात जात नाही. पण वाटेत साखळीच्या दात्यांत तो सापडला तर साखळी तुटू शकते. म्हणून चेंबर उघडून तो काढणेच बरे.

यांपैकी काहीच साधले नाही तर हेड खोलावे लागते. त्यात दिवस जातो, नवे गॅस्केट लागते आणि मजुरी वाढते. टॅक्सीवाल्याला हे जड जाते यात शंका नाही. पण दट्ट्या, झडपा आणि कदाचित सिलिंडरही बदलण्याच्या खर्चापुढे हा खर्च लहान आहे.

बारीक कचऱ्याचे मोठे काम

नट पडला तर आवाज होतो, माणूस सावध होतो. प्लग काढताना खळग्यात साचलेली रेती आत सांडली तर कोणाचे लक्षही जात नाही. इंजिनाचे फिरते भाग एकमेकांना टेकत नाहीत; त्यांच्यात तेलाचा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हा थर किती पातळ ते कळेल. थरापेक्षा खूप मोठा कण त्या फटीत शिरूच शकत नाही आणि खूप बारीक कण तेलाबरोबर वाहून जातो. थराएवढ्याच मापाचा कण मात्र आत शिरतो आणि दोन्ही बाजू खरवडतो. रेतीतला क्वार्ट्‌झ इंजिनातील लोखंडापेक्षा कठीण असतो. म्हणून जाणता मिस्त्री प्लग सैल करण्याआधी भोवतालचा खळगा साफ करतो आणि उघडी भोके स्वच्छ फडक्याने बंद करतो. नुसत्या या सवयीने निम्मे काम होते.

वर्गात काय करता येईल?

पहिला प्रयोग: सुई नसलेल्या पिचकारीत हवा भरून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. मग पाणी भरून तसेच करा. फरक मुलांच्या हातालाच कळेल.

दुसरा: लोखंडी नट, पितळी वायसर, ॲल्युमिनियमचा तुकडा आणि घरातले स्टीलचे निरनिराळे चमचे चुंबकाने तपासा. काही चमचे चिकटतील, काही नाही. “स्टील म्हणजे चुंबकाला चिकटणारच” ही समजूत दुरुस्त होईल.

तिसरा: काचेच्या दोन जुन्या पट्ट्यांमध्ये थेंबभर गोडे तेल घालून त्या एकमेकींवर हलकेच घासा. मग त्यात चिमूटभर चाळलेली रेती टाकून पुन्हा घासा आणि भिंगातून ओरखडे पाहा. काच हाताळताना शिक्षकांनी जवळ थांबावे.

चौथी गोष्ट प्रयोग नाही, सवय आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत जखम शिवण्याआधी कापसाचे बोळे, सुया आणि हत्यारे मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली तयार केलेल्या तपासणी यादीत ही मोजणी आहे. विमानांच्या कार्यशाळांत प्रत्येक हत्याराची आकृती फळीवर रेखलेली असते, म्हणजे रिकामी जागा लगेच दिसते. शाळेच्या प्रयोगशाळेतील पेटीलाही अशी आकृती काढता येईल. काम सुरू करताना मोजलेले नट आणि काम संपल्यावर मोजलेले नट सारखे भरले नाहीत, तर यंत्र सुरू करायचे नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या गॅरेजमध्ये काम करतील, काही शस्त्रक्रियेच्या खोलीत. एवढा एक नियम त्यांच्या हाताला आजच लावून द्यायला हवा.