जाहिरातीतील शब्दाची किंमत

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बातमीपेक्षा जाहिरातींचीच गर्दी अधिक दिसते. यशस्वी उमेदवारांच्या छायाचित्रांच्या ओळी, वर ठळक अक्षरांत 'आमचे विद्यार्थी' आणि खाली शिकवणीवर्गाचे नाव! चौकस वाचकाने निरनिराळ्या वर्गांच्या जाहिराती शेजारी ठेवून पाहाव्यात. तोच चेहरा त्याला दोन-तीन ठिकाणी आढळल्यास नवल नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा वर्गांची चौकशी केली, तेव्हा या चमत्काराचा उलगडा झाला. यांतील कित्येक उमेदवार पूर्व व मुख्य परीक्षा आधीच उत्तीर्ण झालेले होते आणि मुलाखतीच्या विनामूल्य सरावापुरतेच ते त्या वर्गात गेले होते. जाहिरातीत मात्र त्यांचे यश वर्गाच्या संपूर्ण अभ्यासक्रमाचे फळ म्हणून मांडले गेले. आणि जो अभ्यासक्रम विकावयाचा, तो या उमेदवारांनी घेतला होता की नाही, हे सांगण्याचे शिताफीने टाळले गेले.

ही जाहिरात वाचतो कोण? मराठवाड्यातील किंवा खानदेशातील एखादा शेतकरी बाप वाचतो. मुलगा हुशार आहे, पदवीधर झाला आहे. आता त्याला पुण्यास सदाशिव पेठेत ठेवावे, मोठ्या वर्गात घालावे, म्हणजे घराचे पांग फिटतील, असे त्याला वाटते. तो कर्ज काढतो, प्रसंगी जमिनीचा तुकडा विकतो. या बापास मूर्ख म्हणणे सोपे आहे. परंतु त्याने विश्वास ठेवला तो छापील शब्दावर, आणि तोही वर्तमानपत्रातील छापील शब्दावर. त्याचा पैसा कदाचित पुन्हा मिळेल, पण मुलाच्या उमेदीची चार-पाच वर्षे त्याला कोणते न्यायालय परत देणार आहे?

व्यापाऱ्यांचे यावर ठरलेले उत्तर असते, ते असे की, जाहिरातीत थोडीबहुत बढाई चालावयाचीच. गिऱ्हाइकाने आपले डोळे उघडे ठेवावेत. हे उत्तर जुने आहे, आणि त्याचा समाचारही न्यायालयांनी फार पूर्वी घेतलेला आहे. १८९१ साली लंडनमधील कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने जाहीर केले, की आमचे औषधी गोळे दिवसातून तीनदा याप्रमाणे दोन आठवडे सांगितल्या रीतीने वापरूनही ज्यास इन्फ्ल्युएंझा होईल, त्यास १०० पौंड बक्षीस देऊ. आणि याची साक्ष म्हणून अलायन्स बँकेत १००० पौंड ठेवल्याचेही तिने छापले. श्रीमती कार्लिल यांनी गोळा विकत घेतला, नियमाने वापरला आणि तरीही त्या आजारी पडल्या. कंपनी म्हणू लागली, की ती नुसती बढाई होती. अपील न्यायालयाने १८९२ च्या डिसेंबरात हे म्हणणे फेटाळले. जो मनुष्य बँकेत पैसे ठेवल्याचे सांगून वचन देतो, त्याला मागाहून आपण थट्टा केली असे म्हणता येत नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ होय. आमच्याकडील कायद्याचे विद्यार्थी आजही करारशास्त्राचा पहिला धडा याच खटल्यावरून गिरवतात.

तेव्हा बढाई कोठे संपते आणि विधान कोठे सुरू होते, हा खरा प्रश्न आहे. 'आमचा चहा सर्वांत उत्तम' असे कोणी म्हणाला तर कायदा त्याकडे काणाडोळा करतो. कारण उत्तमपणा ज्याच्या त्याच्या जिभेवर अवलंबून असतो. परंतु 'जगभरच्या दंतवैद्यांनी शिफारस केलेली' असे म्हटले, की ते तपासता येण्याजोगे विधान झाले, आणि त्याच्या मागे पुरावा उभा असलाच पाहिजे. अशाच दाव्यांवरून २०२२ साली प्राधिकरणाने सेन्सोडाईन या दंतमंजनाच्या कंपनीस १० लाख रुपये दंड केला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी आणखी एक पळवाट बंद केली. मोठ्या अक्षरांत वचन आणि तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत 'अटी लागू' ही युक्ती सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या भाषेत दावा, त्याच भाषेत आणि त्याच ठशात खुलासा असावा, असा आता नियम आहे. मराठीत भुलवावयाचे आणि इंग्रजीत सावध करावयाचे, हा खेळ यापुढे कायद्याने चालावयाचा नाही.

औषधांच्या बाबतीत तर आपल्या राज्यकर्त्यांनी स्वातंत्र्यानंतर लवकरच पाऊल उचलले होते. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांसंबंधीच्या कायद्याने मधुमेह, कर्करोग, अंधत्व, लठ्ठपणा इत्यादी विकार बरे करण्याच्या जाहिरातींना प्रतिबंध केला. हे भाषणस्वातंत्र्यावरील आक्रमण आहे, असा आक्षेप हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या अखेरीस कायद्याचा काही भाग रद्द केला खरा. परंतु निषिद्ध औषधांची जाहिरात हे स्वातंत्र्याचे अंग नव्हे, असे स्पष्ट बजावले. पुढे १९९५ साली टाटा प्रेसच्या खटल्यात व्यापारी जाहिरातीसही घटनेचे संरक्षण आहे असे ठरले. पण फसव्या जाहिरातीस ते मिळत नाही, हेही त्याबरोबरच ठरले.

येथे स्वदेशीच्या अभिमान्यांना आम्ही दोन शब्द सांगू इच्छितो. स्वदेशी वस्तूंचा आग्रह आम्हास प्रिय आहे. आणि म्हणूनच त्या नावाखाली असत्य विकले गेलेले आम्हास अधिक बोचते. पतंजली आयुर्वेद या कंपनीने २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयास हमी दिली आणि ती पाळली नाही. तेव्हा २०२४ साली न्यायालयाच्या अवमानाची नोटीस तिच्यावर निघाली. कंपनीने माफीची जाहिरात दिली, तेव्हा ही माफी तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे काय, असे न्यायालयाने विचारले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण मिटविण्यात आले. परदेशी कंपनीचे असत्य आणि देशी कंपनीचे असत्य यांत रोग्याच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीबद्दल पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत आणि पुढील खेपेस ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. आपला चेहरा भाड्याने देणाऱ्या नटांना आणि खेळाडूंनाही, त्यांनी दावा तपासून न पाहिल्यास, जबाबदार धरले. शिकवणीवर्गांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे निघाली. यशस्वी उमेदवाराची लेखी संमती निकालानंतर घ्यावी, त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ घेतला आणि तो सशुल्क होता काय, हे स्पष्ट छापावे, असे त्यांत सांगितले आहे. हे सर्व योग्यच झाले. तथापि कायद्याची चाल बैल गेला आणि झोपा केला अशी असते. तक्रार यावयाची, चौकशी व्हावयाची, नोटीस निघावयाची. तोवर प्रवेशाचा हंगाम उलटून गेलेला असतो, आणि ज्याची उलाढाल कोटींत आहे त्याला १० लाखांचा दंड हा जाहिरातखर्चातलाच एक आकडा वाटतो.

म्हणून फसवणूक जेथून आत शिरते त्या दारापाशीच ती अडविली पाहिजे. आणि ते दार म्हणजे आम्ही, वर्तमानपत्रवाले. २०१९ च्या कायद्यात प्रकाशकासही दंड आहे. परंतु नेहमीच्या व्यवहाराच्या ओघात जाहिरात छापली असे त्याने सिद्ध केले, तर तो सुटतो. मात्र प्राधिकरणाच्या आदेशाची आधीच माहिती असेल तर ही सबब चालत नाही. वकील या नात्याने आम्हास ही सवलत समजते; संपादक या नात्याने तिच्यामागे लपण्याची आम्हास लाज वाटते. १९५४ चा कायदा अधिक कठोर होता. त्याने निषिद्ध जाहिरात नुसती छापणे हाही तिच्या प्रसिद्धीतील सहभागच मानला. अग्रलेखातून लोकांस शहाणपण शिकवावयाचे आणि शेजारच्या पानावर त्यांस लुबाडणाऱ्याला जागा विकावयाची, याला कुंपणानेच शेत खाणे म्हणतात.

कोणी म्हणेल, जाहिरातींवाचून पत्र चालणार कसे? प्रश्न खरा आहे. परंतु जाहिरातीला भाव येतो तो वाचकाच्या विश्वासामुळे. तो विश्वास विकून एक वर्षाचा खर्च भागेल. दुसऱ्या वर्षी विकावयास काय उरणार? पुरावा मागितल्यावर रागावून निघून जाणारा जाहिरातदार गेलेलाच बरा. प्रत्येक पत्राने इतका तरी नियम करावा की, आकडा, क्रमांक, रोगमुक्ती किंवा यशस्वी उमेदवाराचे नाव ज्या जाहिरातीत असेल, तिचा आधार कागदावर हाती आल्यावाचून ती छापावयाची नाही.

वाचकांनीही आपला हक्क सोडू नये. मुलाला वर्गात घालण्यापूर्वी बापाने चालकास सरळ विचारावे, की छायाचित्रातील हा मुलगा तुमच्याकडे कोणता अभ्यासक्रम, किती महिने, किती शुल्क देऊन शिकला? उत्तर लेखी मागावे. ते टाळले गेले तर पैसे खिशातच ठेवावेत. फसगत झालीच असेल तर जाहिरातीचे कात्रण आणि पावती जपून ठेवावी, राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवावी आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी. आणि ती जाहिरात ज्या पत्रात वाचली, त्याच्या संपादकासही एक पत्र अवश्य लिहावे. मग तो संपादक आम्ही का असेना.