गाण्यांच्या संग्रहासाठी हार्ड डिस्क घेताना

दुकानात जाण्याआधी तासांचा हिशेब करावा. ऑडिओ सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि चॅनेल दोन. म्हणजे तासाभराच्या गाण्याला साधारण ६३५ एमबी. तेच फ्लॅकमध्ये ठेवलं तर आवाजातलं काहीही न गमावता फाइल बहुधा निम्म्याच्या आसपास येते. ३२० केबीपीएसचं एमपीथ्री तासाला १४४ एमबीच घेतं, पण त्यात गाळलेले बारकावे पुन्हा मिळत नाहीत. फ्लॅकचे तासाला ३५० एमबी धरले तरी १ टीबीत अडीच हजार तासांहून जास्त संगीत मावतं. विंडोज ही डिस्क ९३१ जीबीची दाखवतं, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. जुन्या कॅसेटी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवणार असाल तर तासाला २ जीबी लागतात. मग २ टीबीची डिस्क घ्यावी.

वेगासाठी जास्त पैसे मोजू नयेत. गाणं वाजायला लागणारा वेग साध्या फिरत्या डिस्कच्या वेगापुढे किरकोळ असतो. एसएसडी पडली-आपटली तरी सहसा टिकते आणि तिचा आवाज येत नाही, हे तिचे खरे गुण. मात्र वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो, म्हणून जपणुकीसाठी मी फिरती डिस्कच घेईन. तिच्यात तबकडी गरगर फिरते आणि वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. चालू असताना डिस्क खाली पडली की ते टोक तबकडीवर घासतं. त्यामुळे ती चालू असताना हलवू नये, आणि केबल पायात येईल अशी तर मुळीच ठेवू नये. अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते. साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो.

फॉरमॅटकडे बरेच जण बघतच नाहीत. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि वर सांगितलेल्या २४ बिटच्या मापाने सलग सव्वादोन तासांची मैफल नेमकी तिथेच अडते. एनटीएफएसवर मॅक वाचतो, पण काही जोडल्याशिवाय लिहीत नाही. दोन्हीकडे चालणारा एक्सफॅट बरा. गाडीतल्या जुन्या स्टीरिओसाठी फॅट३२ केलेला वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा. शेकडो रुपयांत १६ टीबी देणाऱ्या जाहिरातींकडे फिरकू नये. त्यातली चिप क्षमता खोटी सांगते, आणि भरत गेलं की आधीच्या फाइली बिघडतात.

एका महागड्या डिस्कऐवजी साध्या दोन घ्याव्यात, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. बाजारात आलेली सीडी पुन्हा मिळेल. आजीच्या जात्यावरच्या ओव्या किंवा कुणाच्या दिवाणखान्यात रंगलेली खासगी मैफल मिळणार नाही. दुसरी डिस्क बहिणीकडे किंवा मित्राकडे, दुसऱ्या गावी असलेली उत्तम. वर्षातून एकदा दोन्ही जोडून नवं त्यात भरावं आणि फाइली तपासाव्यात. फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाची एमडी५ खूण साधारणपणे साठवलेली असते. चाचणीत ती जुळली नाही तर ती फाइल दुसऱ्या डिस्कवरून परत घ्यावी.