घरची बेगमी : बाजाराच्या आधी घराचा वाटा

सुगी आटोपून खळे मोकळे झाले म्हणजे शेतकऱ्यापुढे दोन हिशेब उभे राहतात. एक बाजाराचा व दुसरा घराचा. पहिला हिशेब बहुधा वेळेवर होतो, कारण देणेकरी थांबत नाही. दुसरा मात्र पुष्कळदा आषाढात आठवतो. फाल्गुन-चैत्रात घाऊक भावाने विकलेली ज्वारी आणि हरभरा मग त्याच कुटुंबाला गावच्या दुकानातून किलोकिलोने, किरकोळ भावाने विकत घ्यावा लागतो. हा तोटा कोणत्याही वहीत मांडला जात नाही, म्हणून तो लक्षातही येत नाही.

पीकपद्धती बदलल्यामुळे हा प्रश्न आता अधिक बिकट झाला आहे. मराठवाडा व विदर्भातील ज्या शिवारांत पूर्वी ज्वारी, तूर, मूग आणि जवस असे घरापुरते सर्व काही पिकत असे, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी आज सोयाबीन व कापूस उभा असतो. पैसा हाती येतो, परंतु कोठी भरत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. हा मोठाच आधार होय. मात्र तेवढ्याने वर्षाचे स्वयंपाकघर चालत नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्या पिढीला बेगमीचे महत्त्व सांगावे लागत नाही.

बेगमी किती करावी, हे अंदाजाने ठरवू नये. गृहिणीने एक महिनाभर रोजचे दळण, तांदूळ व डाळ मापट्याने मोजून लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, दोन कर्ती माणसे, एक वृद्ध व दोन मुले अशा घरात दरडोई सरासरी ३०० ग्रॅम धान्य धरले, तर दिवसाला दीड किलो, महिन्याला ४५ किलो आणि वर्षाला सुमारे साडेपाच क्विंटल धान्य लागते. शिधापत्रिकेवर २५ किलो मिळत असतील, तर महिन्याला २० किलोंची, म्हणजे वर्षाला सुमारे अडीच क्विंटलची सोय घराने करावयाची असते. डाळी व कडधान्ये मिळून दरडोई ४० ग्रॅम धरली तरी वर्षाला ७० ते ७५ किलो होतात. प्रत्यक्षात काटकसर होते ती नेमकी येथे. धान्य पुरते, पण डाळ श्रावणापूर्वीच संपते आणि मुलांच्या ताटात पातळ आमटी येते. म्हणून तूर, हरभरा व मूग यांचा घरचा वाटा गाडी भरण्यापूर्वीच वेगळा काढावा. ज्यांच्या घरी ही पिके नाहीत, त्यांनी ती हंगामातच घ्यावीत. सर्व रक्कम एकदम उभी राहत नसेल, तर आधी डाळ घ्यावी आणि धान्य दोन-तीन हप्त्यांत भरावे.

काढलेला वाटा टिकवणे हे त्याहून अवघड काम आहे, आणि त्यातील मुख्य शत्रू ओलावा होय. तृणधान्यात पाण्याचे प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत व कडधान्यात त्याहूनही थोडे कमी असावे. हे घरच्या घरी अजमावण्याची एक सोपी रीत आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत एकतृतीयांश धान्य भरून त्यात दोन-तीन चमचे पूर्ण कोरडे मीठ घालावे, काही मिनिटे हलवावे व पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. मीठ बाटलीच्या कडांना चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. चिकटले नाही म्हणूनही लगेच भरण्याची घाई करू नये. आणखी दोन कडक उन्हे द्यावीत. उन्हातून काढलेले धान्य गरम असतानाच कोठीत ओतणे ही नेहमीची चूक आहे. रात्री पत्रा थंड होतो, आत वाफ धरते आणि वरच्या थरास बुरशी येते. धान्य सावलीत पूर्ण निवल्यावरच भरावे.

बुरशीकडे केवळ कुबट वासाची बाब म्हणून पाहू नये. १९७४ साली गुजरात व राजस्थानच्या सीमाभागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाण्यात येऊन यकृताच्या विकाराने शंभराहून अधिक माणसे दगावली. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या शिजवण्याने वा भाजण्याने नाहीसे होत नाही. भुईमुगावर ही बुरशी विशेष येते. त्यासाठी शेंगा वाळवून शेंगांच्याच रूपात ठेवाव्यात, महिन्यापुरतेच दाणे फोडावेत आणि काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे निवडून टाकावेत. ते जनावरांनाही घालू नयेत.

आता किडीविषयी. ज्वारी-गव्हातील सोंडे दाण्याला भोक पाडून आत अंडी घालतात, त्यामुळे वरून काही दिसत नाही. कडधान्यावरील भुंगा पुष्कळदा शेतातूनच घरी येतो. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके ही त्याची अंडी होत. अखंड तुरीपेक्षा भरडलेल्या डाळीस हा भुंगा कमी लागतो. म्हणून तुरीची व हरभऱ्याची डाळ उन्हाळ्यातच करून ठेवण्याची जुनी चाल शास्त्रासही धरून आहे. मूग, मटकी अखंड ठेवावयाची असल्यास किलोला ५ मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाभर, खाद्यतेल सर्व दाण्यांना चोळावे. तेलाने अंड्यांचा श्वास कोंडतो. गव्हाला व तूरडाळीला एरंडेल लावण्याची घरोघरची रीतही याच जातीची आहे. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवूनच घालावा. ओला पाला घातल्यास धान्यात ओल जाते.

काही रिवाज मात्र सोडून देणे इष्ट. धान्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवू नयेत, कारण पारा विषारी आहे. तांदळाला बोरिक पावडर चोळणेही बरे नव्हे. सर्वांत घातक म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. गोदामांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरावयाचे हे द्रव्य राहत्या घरातील कोठीत टाकले जाते. हवेतील ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो व झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. या विषावर उतारा नाही. ज्या खोलीत माणसे निजतात, तेथे ही गोळी आणूच नये. तसेच औषध चोळलेले उरलेले बियाणे धुऊन दळणास घेऊ नये.

साठवणीच्या साधनांत पूर्वजांचे शहाणपण दिसते. शेणामातीने लिंपलेली कणगी, भिंतीतील बळद, जमिनीतील पेव ही सर्व हवा व ओल रोखण्याची साधने. बंद पेवात प्राणवायू कमी होत जाऊन कीड मरते. याच कारणामुळे पेव उघडताच आत उतरणे प्राणघातक ठरते, हेही ध्यानात असावे. आजच्या हवाबंद पिशव्यांचे तत्त्व तेच आहे. पत्र्याची कोठी वापरणाऱ्यांनी ती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून कडक वाळवल्याखेरीज पुन्हा भरू नयेत, कारण शिवणीत कीड दडून राहते. कोकणात भात सालीसकट ठेवून लागेल तसे कांडून घेतात, तेही योग्यच. तूस हे दाण्याचे कवच आहे.

पिठाची बेगमी करू नये. बाजरीचे पीठ आठवड्यातच कडवट होते. तेलही महिना-दोन महिन्यांपुरतेच, अंधाऱ्या जागी असावे. मिरची देठ कट्कन मोडेपर्यंत वाळवावी, चिंच चिंचोके काढून मिठात घालून बरणीत भरावी, गूळ हवाबंद डब्यात ठेवावा. ही सर्व कामे मृग लागण्यापूर्वी व्हावीत.

पावसाळ्यात मोठी कोठी वरचेवर उघडू नये. प्रत्येक वेळी दमट हवा आत शिरते. पंधरा दिवसांचे धान्य डब्यात काढून झाकण घट्ट लावावे. काढताना दाणे मूठभर घेऊन हुंगावेत. ते उबदार लागले किंवा पीठ पडलेले दिसले, तर पहिल्या उघडिपीत सर्व धान्य चाळून ऊन द्यावे. प्रत्येक वेळी किती काढले, हे कोठीच्या झाकणावर खडूने लिहावे. पुढील सुगीत घराचा वाटा काढताना तोच आकडा उपयोगी पडतो.