सापळे, उपद्रवी प्राण्यांचे

पिके, फळबागा व धान्यसाठे यांची नासाडी करणारे प्राणी पकडण्याची साधने. उंदीर भिंतीच्या वा बांधाच्या कडेने धावतो, म्हणून पिंजरा किंवा चाप त्याच वाटेवर मांडतात. तो नव्या वस्तूला बुजतो. यास्तव पहिल्या काही रात्री खोबऱ्याचे आमिष लावून पिंजऱ्याचे दार उघडे बांधून ठेवावे, मग सापळा लावावा.

रानडुकरांसाठी कुंपणात लावलेली तारेची फासकी मात्र प्राणी निवडीत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तीत बिबटेही अडकले आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे संरक्षित प्राणी सापळ्यात धरणे ही शिकारच होय, व तीस वन विभागाची लेखी परवानगी लागते. घरउंदरास हे संरक्षण नाही. कावळा पूर्वी उपद्रवी गणला जाई. त्या प्राण्यांची अनुसूचीच २०२२ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली.

माकडांची गोष्ट निराळी. बांदा परिसरात २०१७ मध्ये माकडतापाची (क्यासनूर अरण्य रोगाची) साथ आली होती. त्याचा विषाणू गोचिडींमार्फत पसरतो. पकडलेली माकडे परवानगीवाचून दुसऱ्या रानात सोडल्यास उपद्रवाबरोबर गोचिडीही तेथे जातात. मृत माकडाच्या अंगावरील गोचिडी आसपास विखुरतात. त्यामुळे त्यास हात न लावता वन वा आरोग्य विभागास कळवावे.