कमी चाललेली गाडी, जास्त चाललेला गैरसमज

‘फक्त नऊ हजार पळालीय. एक हाती गाडी, वीस वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली. इंजिनला कुणी हात लावलेला नाही. पेट्रोल टाका, किक मारा आणि निघा!’ जुनी जावा किंवा येझदी मोटरसायकल विकायला काढलेला जवळजवळ प्रत्येक जण हे ऐकवतो आणि घेणाराही खुशीत मान डोलावतो. या ‘किक मारा आणि निघा’पायी चांगली इंजिनं हकनाक वाया जातात. म्हणून हा गैरसमज एकदा नीट खोलून दाखवायलाच हवा.

गैरसमज : कमी किलोमीटर म्हणजे फर्स्ट क्लास कंडिशन

किलोमीटरचा आकडा फक्त झीज सांगतो, तीही धातूची. पिस्टन, रिंगा, बोअर, गिअरचे दात यांच्यापुरता तो खरा. रबर, पेट्रोल आणि गंज यांचा हिशेब कॅलेंडरवर चालतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा बाहेर पडू लागल्या, १९७३ पासून त्याच घराण्याच्या येझदी आल्या आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. म्हणजे सगळ्यात धाकट्या येझदीचं मूळ रबरसुद्धा आता तिशीला आलंय. गाडी नऊ हजार पळालेली असो की नव्वद हजार, त्याला काही फरक पडत नाही.

यातलं सगळ्यात महागात पडणारं रबर म्हणजे क्रँकच्या दोन बाजूंची ऑइल सील. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस पंपाचं काम करते. पिस्टन वर जाताना हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढलं जातं आणि खाली येताना सिलिंडरमध्ये ढकललं जातं. त्यासाठी ती हवाबंद असावी लागते. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं सील काढून चिमटीत दाबून बघा. नव्या सीलची कड लवते. या सीलची लवत नाही आणि नख लावलं तर कपचा निघतो. डायनामोच्या बाजूचं सील गेलं की तिथून हवा शिरते, मिश्रणातलं पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि एखाद्या चढावर पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन आतल्या आत गिअर ऑइल ओढत राहतं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट सुटतो.

बेअरिंगची कथा वेगळी नाही. या इंजिनात क्रँकला वेगळं ऑइल मिळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल पोहोचेल तेवढंच. गाडी उभी राहिली की ते ओघळून तळाशी जातं, बेअरिंग उघडी पडतात आणि पुढचं काम दमट हवा करते. मुंबईत किंवा कोकणात प्लॅस्टिकखाली गुंडाळून ठेवलेली गाडी तर पावसाळाभर आतून घामेजत असते. अशा इंजिनाला धाडधाड किका मारणं म्हणजे त्यातला गंज आपल्याच पायाने बेअरिंगमध्ये आणि बोअरमध्ये फिरवणं.

आता कार्बोरेटरची वाटी उघडा. तळाशी काकवीसारखा चिकट तपकिरी थर, नाकात जाणारा आंबूस वास आणि पायलट जेटचं केसाएवढं भोक पार बुजलेलं. टाकीत टॉर्च मारला तर जुनं पेट्रोल जिथवर होतं तिथवर गंजाची रेघ दिसते. ‘साफ करून नवं पेट्रोल टाकू, त्यात काय!’ असं म्हणणाऱ्यांनी निती आयोगाचा २०२१ चा इथेनॉल आराखडा चाळावा. वीस टक्के इथेनॉल सोसेल असे रबर-प्लॅस्टिकचे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आणायच्या, असं त्यात म्हटलंय. मग १९७५ च्या गाडीच्या पेट्रोल कॉकमधल्या वॉशरने हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसावं, ही अपेक्षा कुठून आली? शिवाय इथेनॉल ओल ओढून घेतं. पाणी फार झालं की ते आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. त्या थरात टू-टी ऑइल नसतं आणि कॉक सर्वांत आधी तोच थर इंजिनाला पाजतो. म्हणून जुनी गाडी पावसाळ्यात उभी करायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

मग करायचं काय? प्लग काढून भोकातून थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि किक हाताने हळूहळू दाबून इंजिन फिरतं का बघा. फिरलं तरी लगेच चालू करू नका. क्रँकची सील, बेअरिंग, कार्बोरेटर, टाकी, ब्रेक शू आणि टायर हे सगळं पाहून झाल्यावरच पहिली किक.

आणि तो नऊ हजारांचा आकडा तरी खरा कशावरून? स्पीडोमीटरची केबल तुटली की गाडी पळत राहते, आकडा जागेवर थांबतो. मीटरपेक्षा फूटरेस्टचं रबर, किकचं टोक आणि चेनच्या चक्राचे दात खरं बोलतात. दात हुकासारखे वाकले असतील तर मीटरवरचा आकडा विसरा.

गैरसमज : रिस्टोअर करणं म्हणजे चकाचक करणं

आकडा खरा निघाला तर कमी किलोमीटरचा फायदा नक्कीच आहे. बोअर मूळ मापाचा मिळतो, गिअर शाबूत असतात आणि कारखान्यातून आलेले भाग गाडीवरच असतात. नेमके हेच भाग हौसेने फेकले जातात. मूळ नट-बोल्ट जाऊन चकचकीत स्टेनलेस येतात, चांगल्या रंगावर कॉम्प्रेसर फिरतो, टाकीवरचा क्रोम बफिंगमध्ये घासून जातो. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, फिवाची, ट्युरिन सनद वाचली तर क्रम स्पष्ट आहे : आधी जतन, मग गरजेपुरतं रिस्टोरेशन. नवा रंग कधीही देता येतो, मूळ रंग पुन्हा मिळत नाही. रंग द्यावाच लागला तर फ्रेम नंबर घासू देऊ नका. पुसट झाला तर आरटीओत उत्तर देता देता नाकी नऊ येतील.

आणखी काही, एकेका ओळीत

‘ऑइल जास्त घातलं की इंजिन सुरक्षित.’ नाही. सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो आणि ऑइल वाढलं तेवढं मिश्रणातलं पेट्रोल कमी होतं.

‘टायरची नक्षी शाबूत आहे.’ असेल, पण बाजूचा तारखेचा कोड तीन आकडी असेल तर टायर २००० सालच्या आधीचा आहे. बदला.

‘नव्या जावाचे पार्ट बसतील.’ २०१८ ची जावा फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड आहे. दोघींत नावाशिवाय फार थोडं सामाईक आहे.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात.’ तो नियम दिल्ली परिसराचा. महाराष्ट्रात तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.

‘टू-स्ट्रोकला पीयूसी मिळत नाही.’ मिळते. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे.

‘पन्नास वर्षांची झाली की व्हिंटेज, मग कशाला कागद?’ उलट कागद वाढतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आहे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही.

‘आधी रंग करून घेऊ, इंजिन सावकाश.’ इंजिन उतरवताना-चढवताना नव्या रंगावर ओरखडे पडणारच. शिवाय रंगात पैसे संपले की दारात शोभेची वस्तू उरते. आधी सील आणि बेअरिंग, मग ब्रेक, मग वायरिंग. तोवर खिसा रिकामा झालाच, तर रंग राहू द्या; गाडी त्याच्यावाचून पळते.