लायसन माझं, कार्ड यांचं!

"कार्ड कुणाच्या नावावर आहे?"

फ्रँकफर्टला भाड्याने गाड्या देणाऱ्या एका काउंटरवरच्या मुलीने अगदी हसतमुखाने विचारलं.

"मिस्टरांच्या," मी म्हटलं.

"मग गाडी ते चालवणार?"

"नाही, मी."

तिने नकारार्थी मान हलवली. जो गाडी चालवणार, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं. त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात आणि गाडी धडधाकट परत आली की सोडतात. नवऱ्याचं कार्ड चालत नाही, मुलीचंही नाही. नियम म्हणजे नियम!

मैत्रिणींनो, मी मूळची घाबरट नाही. आमच्या सोनईत गाडी चालवायला शिकलेली बाई जगात कुठेही चालवू शकते, असं मला उगाच वाटत नाही. एकीकडून मुळा कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर, त्यांना दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्णकर्कश गाणी. दुसरीकडून शिर्डीहून राहुरीमार्गे शनिशिंगणापूरला निघालेल्या भाविकांच्या गाड्या. मध्ये शेळ्या, शाळेची पोरं आणि उलट्या बाजूने येणारा एखादा मोटारसायकलवाला. या सगळ्यातून पंधरा वर्षं मी बचत गटांच्या बैठकांना स्वतः गाडी घेऊन जाते.

लेक फ्रँकफर्टला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तिला त्याच महिन्यात बॉकेनहाइममधली खोली सोडून नदीपलीकडच्या साक्सेनहाउझेनमध्ये राहायला जायचं होतं. पुस्तकं, भांडी, गादी, शिवाय आईने नेलेल्या मसाल्याच्या बरण्या! ट्राममधून हे किती नेणार? म्हणून गाडीचा बेत.

तयारी मी आधीच केली होती. आरटीओचं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढलं. पासपोर्ट, व्हिसा, आपलं चालू लायसन आणि हजार रुपये फी. हे परमिट जास्तीत जास्त एक वर्ष चालतं आणि सोबत मूळ लायसन लागतंच. लेकीने लायसनचं जर्मन भाषांतरही करून ठेवलं होतं. यांना म्हटलं, "अहो, तुम्हीही काढून ठेवा." तर म्हणाले, "मी कशाला तिथं गाडी चालवतोय? तू आहेस ना!"

आता काउंटरवर आमची काय गंमत झाली बघा. माझ्याकडे परमिट, पण कार्ड नाही. यांच्याकडे कार्ड, पण परमिट नाही. लेकीकडे कार्ड आहे, लायसनही आहे. पण जर्मनीत राहायला आल्यावर आपलं लायसन सहा महिनेच चालतं. पुढे तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते आणि तिची अजून बाकी. तिघं मिळून एक अख्खा ड्रायव्हर होईना!

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. हे म्हणाले, "जाऊ दे गं, टॅक्सी करू." पण माझ्या मनाला ते लागलं. बैठकीत बायकांना मी घसा फोडून सांगते, 'खातं तुमच्या नावावर हवं, पासबुक तुमच्या हातात हवं.' आणि माझं काय? घरातला सगळा व्यवहार यांच्या कार्डावर. कधी अडलं नाही म्हणून कधी सुचलं नाही. मुळात आमच्या शेजारचं शिंगणापूर म्हणजे घरांना दारं-कुलपं नसलेलं गाव. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली, तीही कुलपाशिवाय. त्या मातीतल्या बाईला 'तुमची पत काय?' असं कुणी विचारेल, हे ध्यानीमनीही नव्हतं. पण त्या मुलीचं काय चुकलं? परक्या देशात माझी ओळख म्हणजे माझ्या नावाचे कागद. आणि त्यातला एक कमी होता.

दुसऱ्या दिवशी लेकीने चार ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी छोट्या गाडीसाठी डेबिट कार्ड चालत होतं, मात्र पूर्ण विमा घ्यायची अट होती. माझं मानधन जमा होतं त्या खात्याचं डेबिट कार्ड पर्समध्ये होतंच. फक्त ते परदेशात चालत नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड आधी देशापुरतंच चालू असतं. परदेशातला वापर आपण सांगून सुरू करून घ्यायचा असतो. लेकीने मोबाइलवर बँकेचं ॲप उघडलं, बटण दाबलं आणि ओटीपीची वाट बघत बसलो. तो आला... यांच्या मोबाइलवर! खातं माझं, पैसे माझे आणि नोंदवलेला नंबर यांचा. आम्ही तिघंही हसलो, पण माझं हसू जरा कडूच होतं.

असो. गाडी मिळाली. घेताना लेकीने चारी बाजूंनी फोटो काढले, जुना ओरखडासुद्धा कागदावर लिहून घेतला. टाकी भरून दिलेली, परतही भरूनच द्यायची.

आता खरी परीक्षा! स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. आपल्याकडे इंडिकेटरची दांडी उजवीकडे, तिथे डावीकडे. त्यामुळे पहिला तासभर मी प्रत्येक वळणाला काच पुसत होते! पाऊस नसताना वायपर चाललेले पाहून शेजारच्या गाडीतले आजोबा गालातल्या गालात हसले.

शहरात वेग ताशी ५०, वस्तीच्या गल्ल्यांत बहुतेक ठिकाणी ३०. जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो लहान गल्लीतून का येईना. झेब्रा पट्ट्यापाशी माणूस दिसला की थांबायचं. उजवीकडे वळताना मागून सायकल येते का, ते मान वळवून बघायचं. ट्राम रस्त्यातच थांबली आणि माणसं चढू-उतरू लागली, तर आपणही थांबायचं. आणि हॉर्न? तो धोका असेल तेव्हाच. माझा अंगठा सवयीने हॉर्नकडे जायचा आणि लेक ओरडायची, "आई, नको!" माइन नदीच्या पुलावर ट्रामचे रूळ आले तेव्हा छातीत धडधडलं. पण तिथे कुणी अंगावर येत नाही, हे कळल्यावर हात सैल झाले. तीन फेऱ्यांत लेकीचं बिऱ्हाड पलीकडे गेलं. यांनी मागच्या सीटवर मसाल्याच्या बरण्या मांडीवर धरल्या होत्या.

गाडी आणखी एक दिवस हातात होती. लेक म्हणाली, "आई, तुला एक जागा दाखवते." शंभर-एक किलोमीटरवर, हायडेलबर्गच्या पुढे वीसलोख नावाचं गाव आहे. तिथे एक जुनं औषधांचं दुकान आणि समोर स्मारक. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ नावाची बाई, नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली मोटार घेऊन १५ आणि १३ वर्षांच्या दोन मुलांसह मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाली. शंभराहून जास्त किलोमीटर! तोवर मोटारीने इतक्या लांब कुणीच गेलं नव्हतं. इंधन संपत आलं तेव्हा तिने या दुकानातून डाग काढायचं द्रव्य विकत घेऊन टाकीत ओतलं. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं.

या कार्ल बेंझचा धंदा अडचणीत होता, तेव्हा लग्नाआधीच तिच्या हुंड्याचा पैसा त्यात गेला होता. १८८६ चं पेटंट मात्र कार्लच्या कंपनीच्या नावावर. पैसा तिचा, धाडस तिचं, कागद त्याचा! त्या दुकानासमोर उभी राहून मला काउंटरवरचा तो प्रश्न आठवला. सव्वाशेहून जास्त वर्षं उलटली, तरी 'कुणाच्या नावावर?' हा प्रश्न काही जुना झालेला नाही.

गाडी परत केली. दहा-बारा दिवसांत अनामत रक्कम खात्यात आली. त्याचा मेसेजही अर्थातच यांच्याच मोबाइलवर!

सोनईला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात बँकेत गेले. खात्याला माझा नंबर लावला. माझ्या मुदत ठेवीवर माझ्या नावाचं क्रेडिट कार्ड मागितलं. साहेबांनी विचारलं, "मॅडम, सरांच्या कार्डावर अ‍ॅड-ऑन देऊ का?" मी म्हटलं, "नको, जोड नको. मूळच द्या." हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "द्या हो, नाहीतर पुढच्या वेळी मला परत बरण्या धरायला लावेल."

पुढच्या बैठकीत बायकांना विचारलं, "तुमच्या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा?" नवऱ्याचा, दिराचा, मुलाचा... स्वतःचा सांगणारी एखाददुसरीच. त्या दिवशी अर्ज लिहिता लिहिता संध्याकाळ झाली.

मैत्रिणींनो, फ्रँकफर्टला जा अथवा न जा. आज पर्स उघडून एकदा बघा. लायसन, कार्ड, खातं, मोबाइल नंबर. नाव कुणाचं आहे?