नव्या तारा, काळी बोटे

गिटारला नव्या तारा चढवून अर्धा-एक तास वाजवले की बऱ्याच वादकांच्या डाव्या हाताच्या बोटांवर तारेच्या रुंदीची रेघ उमटते. ती कधी काळी, कधी करडी, तर कधी हिरवट असते. तारेचा धातू झिजून त्वचेवर येतो आणि त्याच वेळी घामाशी त्याची रासायनिक क्रिया होते. या दोन्हींचा मिळून हा डाग पडतो. त्याचा रंग मुख्यतः तार कशाची आहे यावर ठरतो.

अकूस्टिक गिटारच्या सहा तारांपैकी सर्वांत बारीक दोन तारा नुसत्या पोलादाच्या असतात. गंजू नयेत म्हणून त्यांना बहुधा कथलाचा पातळ मुलामा दिलेला असतो. पितळी भांड्यांना कल्हई करतात ती याच धातूची. उरलेल्या चार तारांत पोलादी गाभ्याभोवती दुसऱ्या धातूची बारीक तार घट्ट वळसे देऊन गुंडाळलेली असते. त्यामुळे तारेचे वजन वाढते आणि तिच्यातून खालचे स्वर निघतात. या वेष्टणाचे दोन प्रकार जास्त चालतात. पहिल्यात ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असते. त्याला बाजारात ब्राँझ म्हणत असले तरी घटक पाहता ते पितळच आहे. दुसरा प्रकार फॉस्फर ब्राँझचा. त्यात सुमारे ९२ टक्के तांबे, ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस असतो, म्हणजे ते खरे कांसे. डॅडारिओ या अमेरिकी कंपनीने १९७४ मध्ये ते गिटारच्या तारांसाठी वापरात आणले. इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप, म्हणजे तारेचे कंपन टिपणारे भाग, चुंबकीय असल्याने तिच्या वेष्टणाला सहसा निकेलचा मुलामा दिलेले पोलाद वापरतात. क्लासिकल गिटारच्या वरच्या स्वरांच्या तीन तारा नायलॉनच्या असतात आणि त्यांचा डाग पडत नाही. खालच्या स्वरांच्या तीन तारांवर मात्र चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते.

डागाचे पहिले कारण घर्षण. अकूस्टिक गिटारची प्रत्येक तार साधारण १० ते १४ किलो वजनाच्या ताणाखाली असते आणि सर्वांत बारीक तारेची जाडी जेमतेम ०.३ मिलिमीटर भरते. अशी ताणलेली तार बोटाने पडद्यावर दाबली, तिच्यावरून बोट सरकवले किंवा ती आडवी खेचली, की तिच्यावरचे सूक्ष्म कण सुटून त्वचेच्या रेषांत बसतात. गुंडाळलेल्या तारेचे वळसे त्वचेला बारीक कानशीसारखे घासतात. तार धातूच्या पडद्यावर घासली जाते तेव्हा तिथूनही थोडी भुकटी निघते. चकचकीत धातूची भुकटी काळी का दिसते, याचे उत्तर प्रकाशात आहे. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश सरळ परतवतो. बारीक कणांच्या ढिगात तो एका कणावरून दुसऱ्यावर आदळत राहतो आणि बराचसा शोषला जातो. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले कोरड्या फडक्याने घासले की फडके काळे पडते, तेही काहीसे असेच.

दुसरे कारण घाम. घामात सुमारे ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मीठ, लॅक्टिक आम्ल, युरिया आणि अमिनो आम्ले असतात, शिवाय त्वचेच्या तेलातून मेदाम्ले येऊन मिसळतात. मिठातले क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर भेदते आणि आम्ले उघड्या पडलेल्या धातूवर काम करू लागतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. पदार्थातल्या आम्लाने तांबे विरघळून तिथे जे क्षार तयार होतात, तशाच जातीचे क्षार बोटाखाली अल्प प्रमाणात होत असतात.

तांब्याचे क्लोराइड आणि मेदाम्लांशी झालेले क्षार हिरवे किंवा निळसर-हिरवे असतात. जुन्या तांब्यावर चढणारे जंगालही याच कुळातले. तांब्याचे एक ऑक्साइड तांबूस, तर दुसरे काळे. गंधकाशी संयोग झाला तर तांबे आणि चांदी दोन्हींवर काळा थर येतो. पोलाद आणि निकेल यांचा डाग करडा-काळा दिसतो. तार गंजली असेल तर त्यात तपकिरी छटा मिसळते. पोलादी तारांनंतर बोटांना येणारा ‘धातूचा’ वास मात्र धातूचा नसतो. डिटमार ग्लिंडेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की लोखंडाचे आयन त्वचेवरच्या मेदाशी क्रिया करतात आणि त्यातून १-ऑक्टेन-३-ओन यासारखी वासाची संयुगे तयार होतात.

नव्या तारांचा डाग अधिक पडतो, कारण त्यांच्यावर तार ओढतानाचे वंगण आणि बारीक चुरा थोडाफार राहिलेला असू शकतो. वळशांचे उंचवटे अजून झिजलेले नसतात. धातूही ताजा आणि उघडा असतो. काही दिवसांच्या वादनानंतर सुटा चुरा निघून जातो, उंचवटे सपाट होतात आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो, त्यामुळे डाग कमी होतो. नवशिक्याची बोटे मऊ असतात; सरावाने घट्टे पडले की त्या कोरड्या, जाड त्वचेवर रंग कमी धरतो. घामाचे प्रमाण आणि त्याची आम्लता माणसागणिक बदलते, म्हणून एकाच गिटारवर एकाची बोटे काळी होतात आणि दुसऱ्याची होत नाहीत. कोकणासारख्या दमट हवेत ही क्रिया जास्त वेगाने होते. सतारवादकांच्या तर्जनी आणि मध्यमेवरही पोलादी तारेची अशीच काळी रेघ दिसते, कारण मींड घेताना तार बोटाखाली दूरवर खेचली जाते. त्यासाठी बोटांना तेल लावण्याची पद्धत आहे. तेलाने घर्षण कमी होते.

हा डाग सहसा निरुपद्रवी असतो आणि साबणाने बराचसा निघतो. हिरवी छटा राहिलीच तर लिंबाच्या रसातले आम्ल तांब्याचे क्षार विरघळवते. बोटांना खाज सुटली किंवा पुरळ आले तर निकेलची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता असते. तेव्हा निकेलचा मुलामा नसलेल्या तारा वापरणे बरे. वाजवण्यापूर्वी हात धुणे आणि नंतर कोरड्या फडक्याने तारा पुसणे हा सर्वांत साधा उपाय. गोअर कंपनीने १९९७ मध्ये एलिक्सिर नावाच्या तारा बाजारात आणल्या. त्यांच्यावरचा पॉलिमरचा पातळ थर घाम आणि धातू यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. अशा तारांनी बोटे कमी रंगतात आणि तारांचा मूळ झणकारही जास्त दिवस टिकतो, कारण घामाने आणि मळाने तारांचा आवाज बोदा होत जातो.